कार्तिकातला आंबा

कार्तिक लागून आठ दिवस झाले होते आणि भागुबाईंच्या घरात आज पुन्हा पिकल्या आंब्याचा वास येत होता.

भागुबाईंचं नाक साधंसुधं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी मखमलाबादच्या मळ्यातले गुलाब नाशिकच्या फुलबाजारात विकले होते. डोळे मिटून टोपलीवर वाकल्या, तर फुलं आज पहाटे तोडलीत की काल संध्याकाळी, हे त्या अचूक सांगायच्या. त्या मळ्याच्या जागी आता चार मजली सोसायटी उभी होती. दुसऱ्या मजल्यावर नातू भारत, नातसून तेजल आणि आठ महिन्यांची पणती दिशा यांच्यासोबत भागुबाई राहत होत्या. मळा गेला, विहीर बुजली, नाक तेवढं शाबूत राहिलं होतं.

वासाचा माग काढत त्या मागच्या गॅलरीत आल्या. गॅलरीच्या कडेला इमारतीचा डक्ट होता. सगळ्यांच्या न्हाण्यांच्या आणि मागच्या खोल्यांच्या खिडक्या त्यातच उघडायच्या. भागुबाई कठड्यावरून वाकल्या. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता, हातात पेनासारखं काहीतरी होतं, आणि पाठोपाठ पांढऱ्या धुराचा हा एवढा ढग वर निघाला होता.

"ए ओम! काय पेटवलं रे?"

हात झटकन आत गेला. थोड्या वेळाने डोकं बाहेर आलं. ओम हा घोटीचा मुलगा. भाड्याने राहायचा आणि दिवसभर घरूनच कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करायचा.

"काही नाही आजी. हे पेटवत नाहीत. नुसती वाफ असते, पाण्याची."

"पाण्याला आंब्याचा वास कधीपासून यायला लागला?"

"फ्लेवर आहे, आजी."

"फ्लेवरवाला! थांब, तुला दाखवते."

भागुबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचे मालक देवराम जन्मभर विडी ओढत राहिले. पण ओढायची तर बांधावर जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून. एस.टी.त कोणी शेजारी सिगरेट पेटवली, तर निदान कळायचं तरी की हा सिगरेट ओढतोय, आणि चार शब्द सुनावता यायचे. तेव्हाचा धूर तोंड दाखवून यायचा. हा मेला आंब्याचं सोंग घेऊन थेट बाळाच्या खोलीत शिरत होता.

आणि बाळ खोकत होतं. गेला महिनाभर मधूनच दिशाला असा खोकला लागायचा की चेहरा लाल व्हायचा. तेजल दुपारच्या शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी आली की आधी लेकीच्या छातीला कान लावायची. कालच तिने कपाटावरची बॅग खाली काढली होती.

"आजी, पुढच्या रविवारपर्यंत खोकला थांबला नाही ना, तर मी हिला कळवणला आईकडे नेते. रजा टाकते सरळ. थंडी संपेपर्यंत तिकडेच राहू."

ती बॅग पाहून भागुबाईंना रात्रभर झोप लागली नव्हती. दिशा गेली की या घरात काय उरणार? भारत मोबाइलमध्ये, टीव्ही भिंतीवर आणि आपण खुर्चीत.

दुसऱ्या दिवशी त्या तेजलबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, ते आंब्याच्या वासाचं पेन ओढतात ना, त्याचा त्रास शेजारच्या बाळाला होतो का नाय? हो का नाय, एवढंच सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यावर बंदी आहे आजी, आणि ती नुसती पाण्याची वाफ नसते. त्यात बहुतेक वेळा निकोटीन असतं, बारीक कण असतात. शेजारच्या माणसाच्या छातीत त्यातलं किती जातं आणि पुढे काय होतं, यावर अभ्यास चाललाय. पण तान्ह्या बाळाजवळ कसलाच धूर नको. तुमच्या घरात कोणी तंबाखू?"

"आमच्या घरात?" भागुबाई ताठ झाल्या. "देवराम गेले तशी विडीची काडीसुद्धा घरात आली नाय!"

घरी आल्यावर त्यांनी कमरेची डबी काढली, चिमूटभर मिश्री बोटावर घेतली आणि हिरड्यांवर घासत विचार केला. विचार करायचा म्हणजे त्यांना मिश्री लागायचीच. पुरावा हवा. आणि पुरावा तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लटकत होता.

भागुबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. संसाराची सगळी नोंद त्या कॅलेंडरच्या चौकोनांत करत: दूध, सिलिंडर, चतुर्थी, मिश्री, पाहुणे. महिनाभर त्या बाळाच्या खोकल्याची खूणही करत होत्या. ज्या दिवशी दिशा खोकली, त्या चौकोनात लाल पेन्सिलीचा ठिपका. ज्या दिवशी तो वास आला, तिथे 'आंबा'. त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि सोसायटीचे चेअरमन रंगनाथराव यांच्याकडे जाऊन सभा मागितली.

रविवारी सकाळी वॉचमन गेणूने पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि सभा ऐकत तो गेटपाशी उभा राहिला. रंगनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ठराव लिहायला मिळाला की त्यांचा चेहरा उजळायचा. ओम कोपऱ्यात मान घालून बसला होता. घरमालकाने आधीच त्याला बजावलं होतं की सोसायटीचं पत्र आलं तर खोली खाली करावी लागेल. तेजल दिशाला मांडीवर घेऊन बसली होती. बॅग भरून तयार होती.

"भागुबाई, तरुण पोरगं आहे," रंगनाथराव म्हणाले. "समज देऊन सोडू."

"वय बघायचं नाय! धूर काय वय विचारून छातीत शिरतो का? आधी ठराव लिहा, मग पुरावा देते."

"बरं, सांगा."

"ज्याच्या कोणाच्या घरातून तंबाखूचा धूर, वाफ, ढग, जे काय असंल ते दुसऱ्याच्या घरात जाईल, त्याने आपला कारभार गेटच्या बाहेर जाऊन करायचा. लहान-मोठा, जुना-नवा, कोणालाच सवलत नाय. लिहिलं?"

"सवलत नाही," रंगनाथरावांनी लिहून खाली रेघ ओढली. सगळ्यांनी हात वर केले. सूचक म्हणून भागुबाईंनी झोकात सही केली.

मग कॅलेंडर उलगडलं गेलं. रंगनाथराव चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले.

"सोमवार. दूध दीड लिटर. आंबा. ठिपका नाही. मंगळवार. आंबा. ठिपका नाही. बुधवार. दूध एक लिटर. आंबा. मिश्री भाजली. लाल ठिपका."

"बघा!" भागुबाई म्हणाल्या.

"गुरुवार. आंबा. ठिपका नाही. शुक्रवार. सिलिंडर आला. ठिपका नाही. शनिवार..." रंगनाथरावांचा आवाज बारीक झाला. "मिश्री भाजली. लाल ठिपका. आंबा नाही."

"शनिवारी मी घोटीला गेलो होतो," ओम म्हणाला.

रंगनाथरावांनी पुढचे आठवडे नुसत्या बोटाने पाहिले. बोट जिथे जिथे थांबलं, तिथे लाल ठिपका होता आणि त्याच्या वर मिश्री होती.

"आजी," तेजल सावकाश म्हणाली, "तुम्ही तंबाखू तव्यावर भाजता? घरात?"

"घरात कशाला? मागच्या गॅलरीत. तू शाळेत गेलीस, दिशा झोपली, की शेगडीवर. आन् बाळाला ठसका नको म्हणून स्वयंपाकघराचं दार पक्कं लावून घेते!"

"आणि गॅलरीतला धूर कुठे जातो?"

"डक्टात."

"दिशाच्या खोलीची खिडकी कुठे उघडते?"

भागुबाई चिडून म्हणाल्या, "पण मिश्री म्हणजे काय व्यसन हाय का? दात घासायचं ते! आणि एवढा वास असता, तर माझ्या नाकाला आला नसता?"

"साठ वर्षं त्यातच आहे ना तुमचं नाक," तेजल म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच भागुबाईंना ते जास्त लागलं.

ओम एव्हाना ताठ बसला होता. "म्हणजे माझ्या वाफेने काही होत नाही, हे सिद्ध झालं."

"काही सिद्ध झालेलं नाही," तेजल त्याच्यावर कडाडली. "तिच्या छातीत रोज काय साठतंय, ते कॅलेंडरवर उमटत नाही. तूसुद्धा गेटबाहेर!"

रंगनाथरावांनी ठरावाकडे पाहिलं, सूचकाच्या सहीकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "सवलत नाही, असं लिहिलंय, भागुबाई."

त्या संध्याकाळी बॅग पुन्हा कपाटावर गेली. पुढचे दहा दिवस कॅलेंडरवर एकही ठिपका उमटला नाही. पण डबी रिकामी झाली होती आणि भागुबाईंचं डोकं चालेना. अकराव्या दिवशी दुपारी दिशाला शेजारणीच्या हवाली करून त्या शेगडी, तवा आणि तंबाखूची पुडी घेऊन गेटबाहेर बदामाच्या झाडाखाली बसल्या. पाच मिनिटांत ओमही तिथे आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तव्यावरून तिखट धूर उठला.

"आजी..." ओम खोकत खोकत म्हणाला, "तुमचा धूर लागतोय हो."

"लागू दे! माझा धूर तोंड दाखवून येतोय. तुझ्यावाणी आंब्याचं सोंग घेऊन नाय!"

एवढ्यात वाऱ्याने दिशा बदलली. आंबा आणि मिश्री दोन्ही मिळून वॉचमन गेणूच्या केबिनमध्ये शिरले. आत गेणू खोकला. पुन्हा खोकला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

भागुबाईंनी मान वळवून खिडकीतून पाहिलं. केबिनच्या भिंतीवर नवंकोरं कॅलेंडर टांगलेलं होतं. गेणूने कानावरची लाल पेन्सिल काढली, आजची तारीख शोधली आणि तिच्याखाली नीट गोल ठिपका काढला.

भागुबाईंनी शेगडी विझवली.