चावताना दात स्वच्छ असावेत

बँकेतल्या कॅशियरच्या कुत्र्याने इमारतीच्या अध्यक्षांच्या पोटरीचा चावा घेतला, ही बाब गंभीर होती यात वाद नाही. कुत्र्याचे नाव बोक्या. आता त्याला घराबाहेर काढायला सांगणार, या धास्तीने कॅशियर हात जोडून अध्यक्षांकडे गेला. पण त्यांची तक्रार निराळीच निघाली.

पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून ते म्हणाले, "चावणं हा कुत्र्याचा धर्म आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी जवळून पाहिलं, त्याच्या दातांवर पिवळं किटण होतं. अशा दातांनी अध्यक्षाला चावायचं?"

सभा भरली आणि ठराव एकमताने संमत झाला : इमारतीतील कुत्र्यांचे दात चावताना स्वच्छ असावेत, नसल्यास कुत्र्यास बाहेर काढण्यात यावे. कुत्र्यांनी चावूच नये असा ठराव केला तर, असे कॅशियरने चाचरत सुचवले. अध्यक्षांना त्याची कीव आली.

"तो ठराव कुत्रा पाळणार आहे का? नियम जो पाळेल त्याच्यासाठीच करायचा असतो."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट समजावले. माणसांची पेस्ट नको, पोटात गेली तर अपाय होतो. कुत्र्यांची वेगळी मिळते. आधी बोटाला ओले फडके गुंडाळून हिरड्यांवरून फिरवायचे, मग मऊ ब्रश. जबरदस्ती मुळीच नको. कॅशियरने पहिल्याच दिवशी जबरदस्ती केली. बोक्या पलंगाखाली गेला, त्याच्यामागे कॅशियर गेला, आणि दोघांनाही बायकोने पाय धरून बाहेर ओढले.

मग काम तिनेच हाती घेतले. ती बोक्याशेजारी फरशीवर बसायची, पेस्ट चाटू द्यायची, ओठ अलगद वर करून एखादाच दात घासायची आणि पुरे म्हणायची. हळूहळू सगळे दात झाले. किटण गेले, तोंडाचा वास गेला. आणि नवल म्हणजे, तोंडातून रोज मायेचा हात फिरू लागल्यावर बोक्याने चावणेच सोडून दिले. कॅशियरला भरून आले.

इथेच घात झाला. तपासणीला उपसमिती आली. खजिनदारांनी कर्तव्यबुद्धीने पँट वर करून पोटरी पुढे केली. बोक्याने ती चाटली. अध्यक्षांच्या कपाळावर आठी उमटली. ठरावात 'चावताना' असे स्पष्ट होते. चावलाच नाही, तर स्वच्छता सिद्ध कशी व्हायची?

"मी तोंड उघडून दाखवते, बघा ना," बायको म्हणाली.

"वहिनी, उघड्या तोंडाबद्दल ठरावात अवाक्षर नाही."

संध्याकाळपर्यंत चावा, नाहीतर बाहेर, असा निर्णय झाला. दुपारभर कॅशियरने बोक्याच्या पुढ्यातले ताट ओढले, शेपूट ओढली, शेवटी त्याच्यावर भुंकूनही पाहिले. बोक्या त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. ते ऊबदार डोके मांडीवर असतानाच दार वाजले. उपसमिती दोरी घेऊन आली होती.

कॅशियर जन्मात कोणाला उलटून बोलला नव्हता. तो वाकला आणि अध्यक्षांच्या दुसऱ्या पोटरीला कडकडून चावला.

अध्यक्षांनी व्रण निरखून पाहिला आणि कॅशियरला आ करायला सांगितले. आत अनेक वर्षांचा चहा आणि तंबाखू साचलेली होती.

"या घरातून एक चावा अपेक्षित होता, तो मिळाला. कुत्रा राहील," त्यांनी निकाल दिला. "पण हे दात नियमात बसत नाहीत. तुमचं सामान बांधा."

बायकोने गयावया करून मुदत मिळवली. आता ती रोज सकाळी कॅशियरचा ओठ वर करून ब्रश फिरवते. दात लख्ख झाल्यावर त्याला उपसमितीवर घेण्यात आले. तो अधूनमधून कोणाला तरी चावतो. तक्रार एकही नाही.

हसू आले असेल तर हसा. फक्त एक सांगा : तुम्हाला मागे कोणी चावले, तेव्हा तुम्ही जखम दाखवलीत, की त्याचे दात किती पांढरेशुभ्र आहेत हे चारचौघांत सांगत सुटलात?