गोतोंगखाला

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच कळले नाही. मराठी चौथी झाली आणि घरी बसवले. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर चुका पोटात घालाव्यात. मला फक्त खालाबद्दल, आमच्या गल्लीच्या मावशीबद्दल, लिहून ठेवायचे आहे.

खाला रोज उन्हे कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, एक पोकळ लाकडी ठोकळा वाजवत आमच्या गल्लीतून फिरायची. प्रत्येक दाराला तिने दुधाचा रिकामा डबा तारेने बांधून दिला होता. त्यात मूठभर तांदूळ दिसले नाहीत तर ती दारात उभी राहून ठक-ठक-ठक वाजवत राही. शिवी नाही, भांडण नाही, नुसती ठक-ठक. शेजारच्या कुलसूमबीने एकदा हट्टाने तांदूळ घातले नाहीत. दिवस मावळून मगरिबची अजान झाली तशी खाला घरी गेली, नमाज पढली आणि परत येऊन वाजवायला लागली. शेवटी कुलसूमबीच्या नवऱ्याने उठून दोन मुठी टाकल्या. म्हणाला, "एक आजची आणि एक माझ्या डोक्यासाठी."

ही गोष्ट बासष्ट-त्रेसष्ट सालची, शारजाची. खाडीच्या कडेला खजुराच्या झापांची वीस-बावीस घरे होती, बहुतेक आपल्या रत्नागिरी-कुलाब्याच्या माणसांची. वीज नव्हती, पाणी गाढवावरून यायचे, पैसे म्हणून रुपयेच चालत. आमचे हे एका अरबाबाकडे, म्हणजे अरब मालकाकडे, लाँचांचे सुतारकाम करीत. नोकरी गेली की दुसऱ्या बोटीने घरी, असा तेव्हाचा कायदा. निदान आम्हांला तो तसाच माहीत होता.

खाला मूळची जावा बेटावरची, सुराबायाच्या बाजूच्या एका खेड्यातली. बोटीवर भंडारी, म्हणजे आचारी, असलेले इब्राहिमचाचा तिला निकाह लावून दाभोळला घेऊन आले आणि तिथून इथे. चाचा वारले, खाला राहिली. तिच्या तोंडात कायम एक शब्द, गोतोंग-रोयोंग. तिच्या गावात म्हणे सरकार कधी फिरकलेच नाही. दर घराने रोज मूठभर तांदूळ दाराबाहेर टांगायचे. ते विकून गावाने पूल बांधला, विहीर खणली, विधवांना माग घेऊन दिले. काम निघाले की सगळ्यांनी मिळून उचलायचे, त्याला गोतोंग-रोयोंग म्हणतात. पोरांनी तिचे नावच गोतोंगखाला पाडले. कुलसूमबी तोंडावर विचारायची, "एवढं सोनं होतं तुझ्या गावात, तर हितं कशाला आलीस गो?"

"इब्राहिमला भजी आवडायची माझ्या हातची," खाला म्हणायची. उत्तर संपले.

मी नवीन आले तेव्हा दाराआड लपून बसले होते. मला माणसांची भारी भीती. खाला सरळ आत आली आणि म्हणाली, "हात दाखव." तोंड बघितलेच नाही. प्रत्येकाचे हात बघून ती काम ठरवायची. कुलसूमबीला झाडू, मौलवीसाहेबांना वाळूची पाटी, आणि आमच्या ह्यांना, इस्त्रीच्या शर्टात, जुम्याची, म्हणजे शुक्रवारची, नमाज झाल्या झाल्या पाण्याचे पिंप उचलायला लावले. हे चिडून म्हणाले, "ही शेजारीण आहे की मुकादम?" पण पिंप उचलले. तांदूळ विकून आणलेले ते पिंप गल्लीच्या तोंडाशी राहिले. झापांच्या घरांना आग लागायला एक ठिणगी पुरते. दुपारी ठोकळा वाजला की आग, प्रत्येकीने बादली घेऊन पळायचे, असे ठरले होते.

माझी बोटे उलटीपालटी करून ती म्हणाली, "ही सुई ओळखतात." दीड वर्षाच्या तांदळातून एक हाताने फिरवायचे शिवणयंत्र आले, गल्लीच्या मालकीचे, आणि ते ठेवले माझ्या घरी. कुलसूमबी म्हणाली, "जिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, तिच्याकडे गिऱ्हाईक कसं येणार?"

गिऱ्हाईक खालाने आणले, आणि तेसुद्धा ह्यांचाच अरबाब. त्याच्या लाँचीवरच्या आठ खलाशांना आठ कंदुरे हवे होते. कंदुरा म्हणजे अरबांचा घोट्यापर्यंतचा पांढरा झगा. लाँच जुम्याला बसऱ्याला सुटणार होती. पुरुषांची मापे मी कशी घेणार? खाला धक्क्यावर गेली आणि प्रत्येक खलाशाच्या अंगाला दोरा लावून, गाठी मारून आठ दोरे घेऊन आली. प्रत्येक दोऱ्यावर दोन गाठी होत्या. आमच्याकडे सदरा गुडघ्यापर्यंत, खाली लुंगी. कंदुरा मी तोवर जवळून बघितला नव्हता, म्हणून पहिल्या गाठीशी कापले. पुढचा दोरा उरलेला असेल असे समजले. विचारायला हवे होते. पण विचारायचे म्हणजे बोलायचे.

आठही कंदुरे मंगळवारीच शिवून झाले. कापड बरेच वार उरले, ते मी घडी करून ह्यांच्याबरोबर मालकाकडे परत धाडले. हे छाती फुगवून आले. म्हणाले, "अरबाब म्हणाला, असा ईमानदार शिलाईवाला आजपर्यंत बघितला नाही."

बुधवारी दुपारी खाला आली. दोरीवर वाळत घातलेले कंदुरे बघितले आणि खाली बसली.

"पोरी, ही पहिली गाठ गुडघ्याची. बाजूची चीर कुठं द्यायची ती खूण. दुसरी गाठ घोट्याची."

कापड मालकाचे, लाँच परवा सुटणार, आणि ह्यांची नोकरी त्याच माणसाच्या हातात. त्या महिन्यातच त्याने एका सुताराला फळी चुकीची कापली म्हणून घरी पाठवले होते. खाला उठली, बाहेर गेली, आणि भर दुपारी ठोकळा वाजायला लागला.

बाया बादल्या घेऊन धावत आल्या. कुलसूमबी सर्वांत पुढे, अर्धी भिजलेली. "आग कुठाय गो?"

"आग नाही. त्याहून वाईट," खाला म्हणाली. "बादल्या ठेवा. हात धुवा. बसा."

कुलसूमबीने एक कंदुरा अंगाला लावून बघितला. "या अल्ला! हे घालून खलाशी नमाजला वाकला तर मागच्या रांगेचं काय व्हायचं?" बाया हसून लोळल्या. मी मात्र दोऱ्याची दुसरी गाठ पुन्हा पुन्हा मापून बघत होते.

खाला बाजारात गेली आणि तासाभरात खांद्यावर कापडाचा ताका घेऊन आली. पैसे कुठून आणले, कोणी विचारले नाही. गोतोंग-रोयोंग सुरू झाले. मी कापायचे, दोघींनी टाचायचे, एकीने यंत्र फिरवायचे, चौघींनी हाताने काठ दुमडायचे. कुलसूमबीची जीभ चालू आणि सुई त्याहून जोरात.

गुरुवारी दुपारी मालकाचा मुनीम दारात आला. "बाई, एक कंदुरा दिखाओ. मालिक को देखना है." फक्त दोन नवे पुरे झाले होते, पण काजांशिवाय. आखूड आठ जमिनीवर ढीग घालून पडलेले. कुलसूमबी पटकन त्या ढिगावर बसली आणि ओढणी पसरून कण्हायला लागली. खाला दारात आडवी. "आत बाया आहेत. एक बीमार आहे. कंदुरा कल सुबह, इन्शाल्ला."

"कल सुबह लाँच है!"

"तर मग कल सुबह. यल्ला, जा." आणि तिने त्याच्या तोंडासमोर ठक-ठक-ठक चालू केले. मुनीम कानावर हात ठेवून गेला. कुलसूमबी ढिगावरून उठेना. म्हणाली, "थांबा गो, खरंच बरं वाटतंय."

जुम्याच्या पहाटे आठ कंदुरे पोचले, घोट्यापर्यंत. मालकाने एक हातात धरला, उरलेल्या कापडाची घडी बघितली, परत कंदुरा बघितला. इतके वार परत देऊन इतका लांब कंदुरा? त्याला वाटले ही बाई हवेतून कापड काढते. पुढच्या महिन्यात बारा कंदुऱ्यांचे काम आले. आखूड आठ आमच्याच गल्लीने घातले. वर्षभर शारजाच्या धक्क्यावर गुडघे दाखवत फिरणारा माणूस दिसला की तो आमच्या गल्लीतला समजावा.

ताक्याचे मला कुलसूमबीने सांगितले. चाचा गेल्यापासून खाला बोटीचे भाडे जमवत होती. सुराबायाला तिची बहीण होती. त्यातले ऐंशी रुपये त्या दुपारी दुकानदाराला गेले.

शिलाईचे पहिले पंधरा रुपये घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने दोनच घेतले. "उरलेले पुढच्या जुम्याला. दोन दोन." मी खूप अजीजी केली, ऐकले नाही. मग दर जुम्याला मी जायची. ती केळ्याची भजी तळायची, समोर बसवायची आणि म्हणायची, "बोल." पहिले दोन महिने मी काहीच बोलले नाही. ती भजी वाढत राहिली. मग मी बोलायला लागले. आईबद्दल, शाळेबद्दल, त्या दोऱ्याबद्दल. कधी कधी तर असरची अजान होईपर्यंत माझेच चाललेले असायचे, आणि ती नुसती ऐकायची.

चाळिसाव्या जुम्याला मी शेवटचे दोन रुपये तिच्यापुढे ठेवले.

"खाला, आता भाडं पुरं झालं. बोटीचं कधी बघतेस?"

ती कढईतले भजे उलटत होती. "बहीण चार वर्षांमागं गेली. कागद आलेला."

"मग पैसे कशाला जमवत होतीस?"

"लोक विचारतात, नवरा गेला, आता कुठं जाणार? सांगायला काहीतरी पाहिजे."

भजी संपली. तिने ते दोन रुपये उचलले, मोजायची गरज नसताना दोनदा मोजले.

"फार लवकर फेडलंस, पोरी," ती म्हणाली.

ऐंशीच्या ऐंशी रुपये फिटले होते. तरी मी मगरिबपर्यंत उठले नाही.