हकीकत उचगावच्या तीन अॅडमिनांची

शके एकोणीसशे तीस, श्रावण मास, सोमवार. ते दिवशी उचगावी ओतकामाच्या कारखान्यात जो घोर प्रसंग गुदरला आणि ज्या हिकमतीने निवारला, ती हकीकत वाचणाऱ्यांनी आधी बॅकअप घ्यावा आणि मग वाचावी.

कारखान्याचे धनी राजमान्य राजेश्री प्रभुलिंग आण्णा, पंपांच्या बॉड्या ओतण्यात अजिंक्य. त्यांनी वेबसाइट उभारण्याचा मनसुबा केला आणि पेठ वडगावच्या नुजहतबाईंस पाचारण केले. बाईंची ही पहिलीच कामगिरी. फसती तर जिल्ह्यात दुसरी मिळती ना. बाईंनी सीएमएस नामे यंत्र बसवले, ज्यात कोड न लिहिता मजकूर आणि चित्रे बदलता येतात, आणि अर्ज गुजारला की, अॅडमिन एकच असावा, बाकीच्यांस संपादक करावे. संपादकास मजकूर बदलता येतो, मोडतोड करता येत नाही.

आण्णा कडाडले, "काकास्नी माझ्या खालचं पद देऊ व्हय? जेवायला येणार न्हाईत ते घरात!"

मग विरूपाक्षकाका अॅडमिन झाले, आणि काका झाले म्हणून आण्णांच्या थोरल्या भगिनी शिवगंगाआक्का झाल्या, आणि खासे आण्णा तर होतेच.

ऐशात कोइमतूरच्या पंपवाल्यांचा खलिता आला की, सोमवारी चार वाजता वेबसाइट पाहू, माल मनास आला तरच येऊ. परंतु सोमवारी कारखान्यास सुट्टी. तिन्ही सरदार मोकळे!

मग काकांनी थीम फिरवली आणि अवघा मुलूख गुलाबी झाला, आणि आक्कांनी कॅमेऱ्यातले चाळीस फोटो लहान न करता तैसेच चढवले, पैकी एकोणीस नातवाच्या जावळाचे, आणि पान हत्तीच्या चालीने उघडू लागले, आणि मग आण्णांनी दुरुस्तीच्या आवेशात दिसतील ते प्लगिन, म्हणजे वेबसाइटीचे जोडभाग, एकदम अपडेट केले.

(येथे बखरीचे एक पान कोरे आहे. वेबसाइटही अशीच झाली होती.)

तीन वाजता नुजहतबाई एसटीने दाखल झाल्या.

"पोरी, मी कायबी केलं न्हाय," आक्का म्हणाल्या, "नुसतं दाबलं."

"गुलाबी झ्याक दिसत हुतं की!" इति काका.

बाईंनी ओढणी पुढे ओढली. दर शुक्रवारी अख्ख्या वेबसाइटीची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यावी हा त्यांचा शिरस्ता, आणि तो ड्राइव्ह ओढणीच्या टोकास बांधलेला. गाठ सुटली. नक्कल चढू लागली. तीन चाळीसला साठ टक्के. तीन बावन्नला नव्वद. काका वर्तमानपत्राने मोडेमला वारा घालू लागले. तीन अठ्ठावन्नला पंपाच्या बॉड्या झळकल्या!

आणि उरल्या दोन मिनिटांत बाईंनी सनदा फिरवल्या. संपादकाच्या पदास 'सर्वाधिकारी' हा किताब दिला आणि तो तिन्ही सरदारांस बहाल केला. आणि मोडतोडीचे सारे हक्क ज्या पदास, त्याचे नाव 'झाडलोट' ठेविले.

चार वीसला कोइमतूरचा फोन आला की, गुरुवारी येतो. आण्णांनी उपवासाच्या खिचडीचे टोपले बाईंपुढे रिते केले. काकांनी पडद्यावर आपला किताब तीनदा वाचला आणि विचारले, "आणि झाडलोटीला कोण हाय?"

"मीच की, काका."

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. आमास्नी न्हाय जमायचं."

पुढे महिन्याभरात कागलच्या एका कारखान्याने बाईंस बोलावणे धाडले. बाईंनी रंग विचारला नाही, फोटो मागितले नाहीत. पहिला सवाल केला तो असा, "तुमच्यात थोरले किती?" आणि तितके सर्वाधिकारी आधीच मांडून ठेविले. झाडलोट एकच राहिली.

येणेप्रमाणे उचगाव फत्ते, कागल रुजू.