सशाचं पार्सल

"दोन तास! फक्त दोन तास! त्यात एवढं काय आहे?" असं तिने भर बैठकीच्या खोलीत, सासू-सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या साक्षीने जाहीर केलं, तेव्हा तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं. असं पाहणं तिला अजिबात आवडायचं नाही.

नवऱ्याने लग्नानंतर आठवड्याभरात तिचं नाव 'दुर्बीण' ठेवलं होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाच वर्षं थेंबाथेंबात जंतू शोधलेले. मग अकरा महिन्यांपूर्वी टिंबीचा जन्म झाला आणि दुर्बिणीची ताकद दुप्पट झाली. गादीवर चढणारी मुंगी तिला शेजारच्या खोलीतून दिसायची. टिंबी शिंकायच्या आधीच तिच्या हातात रुमाल तयार असायचा!

आता सोमवारपासून प्रयोगशाळेत पुन्हा रुजू व्हायचं होतं. होतं म्हणजे, ठरलं होतं. पण लेकीला सोडून आपण तिथे आठ तास तग धरू का, या विचाराने तिला रोज पहाटेच जाग यायची. म्हणून शनिवारची ही रंगीत तालीम. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ, लग्नाआधीपासूनचं लाडकं मेक्सिकन हॉटेल, आणि नियम एकच: घरी फोन करायचा नाही!

"आणि केलास तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर सोमवारी जाणार नाही. सरळ कळवीन, आणखी सहा महिने रजा द्या म्हणून."

"पंधरा मिनिटं टिकलीस तरी मी मिशा ठेवीन!"

"ठेवायला येऊ तरी देत!" ती फणकारली.

निघण्यापूर्वी तिने सासूबाईंच्या हातात कागद ठेवला. सूचना क्रमांक एक ते सत्तावीस, सुवाच्य अक्षरात, महत्त्वाच्या ओळी लाल शाईने. सूचना सहा: टिंबी झोपली की घरातले सगळे फोन बंद. सूचना अकरा: दाराची बेल वाजता कामा नये, तिला बेलची भयंकर भीती वाटते. आणि दुहेरी अधोरेखित सूचना चौदा: साडेसातला झोपवताना ससा डाव्या हातात द्यावा. सशाशिवाय ती झोपत नाही. नाही म्हणजे नाही!

"अगं, मी दोन मुलं वाढवली आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई, पण तेव्हा कागद कुठे होता?"

यावर सासूबाईंनी चष्मा लावला आणि कागद हातात घेतला. वाद घालण्यापेक्षा वाचणं सोपं, हे त्यांना गेल्या अकरा महिन्यांत कळून चुकलं होतं. नवऱ्याने स्वतःच्या किल्ल्या आईला देऊन टाकल्या, लागल्या तर असाव्यात म्हणून. तिने खुंटीवरची निळी पिशवी खांद्याला अडकवली आणि दोघं निघाली.

हॉटेल जसंच्या तसं होतं. पिवळ्या भिंती, छताला कागदी पताका, कोपऱ्यात माणसाएवढं निवडुंग आणि त्याच्याखाली त्यांचं नेहमीचं टेबल. मिशीवाले काका, म्हणजे तिथले सगळ्यात जुने वाढपी, लांबूनच हात हलवत आले.

"वर्ष झालं की हो! काय, भांडण झालं होतं?"

"मुलगी झाली," नवरा म्हणाला.

"म्हणजे आता भांडायला तिसरं माणूस आलं! त्यांना बरीटो, तुम्हाला टाको, मधे चिप्स आणि साल्सा. बरोबर?"

काकांना सगळं आठवत होतं! तिला एकदम भरून आलं. दोघांनी आपापले फोन टेबलाच्या मधोमध पालथे ठेवले. जो आधी हात लावेल तो हरला. चिप्स आल्या. तिने पहिली चिप उचलली, सवयीने तिच्यावर फुंकर मारली, तिचे चार तुकडे केले आणि नवऱ्याच्या तोंडापुढे धरून म्हणाली, "आऽऽ कर."

नवऱ्याने आज्ञाधारकपणे आ केला. शेजारच्या टेबलावरच्या आजी गालात हसल्या.

"बरं चाललंय," नवरा चावत म्हणाला. "फक्त पाठीवर थोपटून ढेकर काढू नकोस."

दोघं खळखळून हसली. खरंच, बरं चाललं होतं! हात पुसायला रुमाल काढावा म्हणून तिने पिशवीत हात घातला, आणि तिच्या बोटांना एक लांब, लुसलुशीत, किंचित ओलसर कान लागला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

घरात निळ्या पिशव्या दोन होत्या, एकाच खुंटीवर. एक तिची, एक टिंबीची. मुंगी लांबून ओळखणाऱ्या दुर्बिणीने अख्खी पिशवी चुकीची उचलली होती! आत दोन लंगोट, एक झबलं, खुळखुळा, आणि सगळ्यांच्या वर, जगात फक्त टिंबीलाच सुंदर वाटणारा तो करड्या रंगाचा, चघळून चघळून एक कान लांबलेला ससा!

घड्याळात सहा पन्नास. साडेसातला टिंबी ससा मागणार. ससा नाही. मग टाहो. मग सासूबाईंची त्रेधा. नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणणार, "बघ, मी म्हणत नव्हतो?" फोन करावा, तर सोमवार बुडाला!

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"कुठे काय! हात धुऊन येते." आणि ती पिशवीसकट उठली.

"हात धुवायला पिशवी?"

"पिशवीलाही हात... म्हणजे, हो!"

काउंटरवर मालकीणबाई पावत्या फाडत होत्या. दुर्बिणीने आवाज खाली आणला.

"घरपोच पार्सल देता ना?"

"देतो की. पत्ता?"

तिने स्वतःच्याच घराचा पत्ता आणि सासूबाईंचा फोन नंबर सांगितला. "एक बरीटो. आणि त्याच्याबरोबर एवढा ससा."

मालकीणबाई ताठ झाल्या. "आम्ही ससा करत नाही, ताई. आमच्याकडे फक्त कोंबडी आणि राजमा."

"करायचा नाही, पोचवायचा!" तिने कान धरून ससा काउंटरवर बसवला. "मुलीचा आहे. साडेसातच्या आत गेला पाहिजे. आणि माझ्या नवऱ्याला कळता कामा नये!"

मालकीणबाईंनी एकदा सशाकडे पाहिलं, एकदा तिच्या डोळ्यांकडे. "माझेही तीन झाले," त्या एवढंच म्हणाल्या. मग, सशाला बरीटोचा वास लागू नये आणि बरीटोला सशाचा, म्हणून त्यांनी ससा चांदीच्या कागदात घट्ट गुंडाळला. अगदी प्रेमाने, दोन्ही टोकं पिळून. आणि ठेवला कुठे? तर तशाच कागदात गुंडाळलेले बरीटो ठेवायच्या थाळीत!

ती टेबलावर परतली तेव्हा नवरा जागेवर नव्हता. दोन मिनिटांनी तो आला. "गाडी नीट लावली का, ते बघून आलो," तो म्हणाला. तिने लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष दाराबाहेर होतं. हेल्मेट घातलेल्या एक बाई पार्सलची थैली स्कूटरला अडकवत होत्या. स्कूटर सुरू झाली. गेली! तिने इतका मोठा सुस्कारा सोडला की पताका हलल्या.

"आता बोल," ती खुर्चीत सैलावत म्हणाली. "किती मिनिटं झाली? ठेव मिशा!"

तेवढ्यात काकांनी थाटात ताटल्या आणल्या. तिच्यापुढे टाको. नवऱ्यापुढे चांदीच्या कागदातला गरगरीत बरीटो.

"आज जरा मऊ झालाय," काका म्हणाले. "आचारी नवीन आहे."

नवऱ्याने कागद न सोडताच, नेहमीच्या सवयीने, मधोमध सुरी घातली. सुरी जाईना. त्याने जोर केला. कागद टर्रकन फाटला आणि आतून एक करडा कान ताडकन उभा राहिला!

शेजारच्या आजींच्या हातून काटा पडला. "अगं बाई! कानासकट!"

नवरा सशाकडे पाहत राहिला. ससा नवऱ्याकडे पाहत राहिला. मग दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"हा... हा घरी जायचा होता," ती कशीबशी म्हणाली, आणि मग बांधच फुटला. पिशवी, कान, साडेसात, मालकीणबाई, सगळं एका दमात. "आता तिकडे दोन बरीटो चाललेत आणि ससा इथे! ती रडून रडून निळी पडेल. हरले मी. नाही जात सोमवारी. कळवते तसं..." तिने टेबलावरच्या फोनकडे हात नेला. चुकून हातात आला नवऱ्याचा. त्याची काच तडकलेली होती, आणि तो सुरूच होईना.

"हा तर तुझा जुना फोन! बंद पडलेला!"

नवऱ्याचे कान लाल झाले. त्याने हळूच वाकून पायमोज्यातून खरा फोन काढला.

"तीन वेळा केला," तो पुटपुटला. "एकदा तू हात धुवायला उठलीस तेव्हा. दोनदा गाडी बघायला गेलो तेव्हा."

म्हणजे नाकाने कांदे सोलणारा हा गृहस्थ मोज्यात फोन घालून बसला होता, आणि दुर्बिणीला नाकाखालचं दिसलं नव्हतं!

"आणि? काय म्हणाल्या आई?"

"झोपली ती."

"झोपली? कधी?"

"सात वाजायच्या आत. आई तिला मांडीवर घेऊन तुझ्या सूचना मोठ्याने वाचत होती. नवव्या सूचनेला टिंबी झोपली, तेराव्याला बाबा. आई चौदापर्यंत पोचलीच नाही. ससा हरवलाय, हे कुणाला माहीतच नाही!"

तिला आनंद झाला. मग क्षणभर कुठेतरी टोचलंही. आपल्याशिवाय, सशाशिवाय, इतक्या सहज? पण त्या टोचण्याखाली काहीतरी हलकं हलकं वाटू लागलं होतं. म्हणजे सोमवार जमेल? खरंच जमेल? ती हसायला लागणार, इतक्यात तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पार्सल!"

"काय पार्सल?"

"त्या बाई बेल वाजवतील!"

नवऱ्याने आईला फोन लावला. आता बंद! सूचना क्रमांक सहा. सासऱ्यांचा? बंद! सूचना क्रमांक सहा. मालकीणबाईंनी स्कूटरवाल्या बाईंना लावला, तर नुसतीच रिंग. "गाडीवर असताना ती फोन उचलत नाही," त्या अभिमानाने म्हणाल्या. "फार जबाबदार आहे!"

मग काय! निवडुंगाला प्रदक्षिणा घालून दोघं धावत सुटली. "खाणं टाकून जायचं नाही!" असं ओरडत काकांनी टाको लंगोटांच्या पिशवीत कोंबले. नवऱ्याने गाडी अशी हाणली की ससा पुढच्या काचेवर जाऊन आदळला. प्रत्येक सिग्नल लाल! ती मनात म्हणत होती, नको वाजवू गं बाई, नको वाजवू. तिसरा मजला, लिफ्ट नेमकी वर अडकलेली. सशाचे कान धरून ती जिना चढली.

दारात हेल्मेटवाल्या बाई उभ्या होत्या. हातात थैली. आणि घरात शांतता!

"वाजवली नाही ना?" ती धापा टाकत कुजबुजली.

"छे हो," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "पायपुसण्याशेजारी हे एवढेसे बूट दिसले. म्हटलं, आत बाळ झोपलं असेल. मघापासून फोन लावतेय, बंद येतोय. माझ्याही घरी आहे ना एक."

तिला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. हेल्मेटसकट मारलीही! जगात किती शहाणी माणसं आहेत! आपण उगाच जिवाला घोर लावून घेतो. त्याच आनंदात तिने किल्लीसाठी पिशवीत हात घातला. टाको लागले. लंगोट लागले. किल्ली दुसऱ्या निळ्या पिशवीत, म्हणजे घरात! तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या किल्ल्या त्याच्या आईकडे. काही हरकत नाही, असं मनाशी म्हणत, सुटकेच्या त्या सुंदर धुंदीत, तिने बोट उचललं आणि बेल दाबली.

लांबलचक. दणदणीत!

आतून आधी क्षणभर काही नाही. मग टिंबीचा असा गगनभेदी टाहो, की लिफ्टसुद्धा खाली आली.

दार उघडलं. सासूबाईंच्या कडेवर टिंबी, हातात कागद. "कोण मेलं ते..." एवढं बोलून त्या थांबल्या. "अगं, तू? सूचना अकरा तुझीच ना?"

तिने लेकीला घेतलं. टिंबीने हुंदका देत आईकडे पाहिलं, सशाकडे पाहिलं, सशाला लागलेला साल्साचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि त्याला जमिनीवर टाकून दिलं. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"दहावीपासून वाच," सासूबाईंनी कागद पुढे केला. "नऊ झाल्यात."

बाराव्या सूचनेला टिंबी गाढ झोपली.

त्यानंतर स्वयंपाकघरात, जमिनीवर फतकल मारून, चौघांनी मिळून दोन बरीटो आणि पिशवीतले चेपलेले टाको खाल्ले. तिच्या मते हॉटेलातही इतकी चव कधी लागली नव्हती. सासूबाईंनी तिसरा घास घेत विचारलं, "मग, सोमवारी किती वाजता निघायचंय?"

"साडेआठला," ती म्हणाली. आणि सोमवारी बरोबर साडेआठला निघालीही. पिशवी दोनदा तपासून, किल्ली हातात धरून. नवऱ्याने वचनाप्रमाणे मिशा ठेवायला घेतल्या होत्या. तूर्तास तोंड पुसायचं राहिलंय असंच वाटत होतं.

जाता जाता तिने कागदावर लाल शाईने एक ओळ वाढवली. सूचना क्रमांक अठ्ठावीस: टिंबीची आई घरी यायच्या वेळी बेलची वायर काढून ठेवावी.