मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या क्लासचे मास्तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून गाडी चालवायला नाही म्हणत होते, आणि कारण काही केल्या सांगत नव्हते.

मास्तरांच्या सासूबाईंना धबधबा बघायचा होता. आजवर प्रत्येक सहलीला त्यांना गुडघ्यांच्या नावाखाली कुलपासारखं घरी ठेवलं गेलं होतं. हा धबधबा म्हणे असा, की गाडी थेट कठड्याला टेकते, दारसुद्धा उघडायला नको. काही नाही हो, एकदम सोपा रस्ता, असं जो तो सांगत होता. असं सांगणाऱ्यांना एकदा त्या सोप्या रस्त्यावरून ब्रेक काढलेल्या गाडीत बसवून सोडलं पाहिजे.

मास्तरांच्या नकाराचं कारण साधं होतं. मास्तरांना गाडी चालवायची भीती वाटायची. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली, पण डाव्या सीटवर बसून. क्लासच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. शिकणारा चढावर हँडब्रेक तसाच ठेवून गोंधळला, की मास्तर पायाने आपला ब्रेक दाबायचे, हाताने हँडब्रेक सोडायचे आणि तोंडाने त्याची अब्रू काढायचे. तिन्ही कामं एका दमात. उजव्या सीटवर मात्र ते मध्ये एकदाच बसले होते, गॅरेजमधून गाडी बाहेर काढायला, तेव्हा हात इतके कापले की चक्कर आल्याचं सोंग करून मेकॅनिकला बसवावं लागलं. हे बाहेर फुटलं असतं तर क्लासला टाळं लागलं असतं. घरची गोष्ट तर त्याहून वाईट. बायकोला शिकवताना ते जे जे बोलले होते, ते तिला अजून तोंडपाठ होतं.

शेवटी त्यांनी तोडगा काढला. तुझा हात घाटात बसला पाहिजे, असं बायकोला सांगून तिलाच चालवायला बसवलं. क्लासची गाडी न्यावी असंही सुचवून पाहिलं, पण डोक्यावर शिकाऊ पाटी घेऊन आपण कुठे जाणार नाही, असं सासूबाईंनी ठणकावलं. मेहुण्याची नवी गाडी आली. तिच्यात डाव्या सीटपुढे पायाखाली नुसती रबरी मॅट.

घाट लागला. प्रत्येक वळणावर दरी खिडकीशी येऊन डोकावून जात होती. बायको चालवत होती झकास, पण मास्तरांचा उजवा पाय मॅटवर दाबून दाबून दुखायला लागला.

"अहो, तुमच्या मेहुण्याच्या गाडीला खालून भोक पाडाल," बायको म्हणाली. "मी चालवतेय ना?"

मास्तर म्हणाले, पायाला मुंग्या आल्यात.  मागच्या सीटवर सासूबाई आरशातून जावयाचा चेहरा बघत होत्या.

धबधबा खरंच दाराशी होता. उतरती फरशी, तिच्या टोकाला गुडघ्याएवढा कठडा आणि कठड्यापलीकडे काहीही नाही, फक्त आवाज. पाणी इतकं जोरात कोसळत होतं की गाडीच्या काचा थरथरत होत्या. बायकोने शिकवल्याप्रमाणे गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि वायपर चालू ठेवून फोटो काढायला गेली. तिकडे आधीच पंचवीसेक लोक धबधब्याकडे पाठ करून उभे होते. इतक्या लांब येऊन स्वतःचंच थोबाड बघायचं होतं तर घरी आरसा नव्हता का, हे त्यांना कोणीतरी विचारायला हवं.

मास्तर आणि सासूबाई गाडीत राहिले. बायको उतरली म्हणजे धोका टळला, असं वाटून मास्तरांनी जरा मान सैल सोडली आणि कोसळत्या पाण्याकडे टक लावून बघत बसले. बराच वेळ. मग त्यांनी नजर शेजारच्या काळ्या खडकावर नेली.

खडक वर चढत होता.

पडतं पाणी फार वेळ बघितलं की डोळे फसतात, आणि शेजारचं सगळं वर सरकल्यासारखं दिसतं. हे कुणालाही होतं. पण मास्तरांनी हिशोब केला: खडक वर चाललाय, म्हणजे आपण खाली चाललोय. पुढे कठडा, कठड्यापुढे आवाज.  आणि मग वर्षानुवर्षांच्या सवयीने जे करायचं ते त्यांनी चोख केलं. पायाने मॅट दाबली आणि हाताने हँडब्रेक सोडला.

गाडी आता खरोखर निघाली.

मास्तरांनी मॅटवर दुसरा पायही दिला. कठडा जवळ आला.  बायकोला आपण शेवटचं काय बोललो, तेवढ्यात त्यांना आठवून गेलं: गाडी तिरकी लावलीस.

मागून दोन हात आले. सासूबाईंनी दोन्ही सीटच्या मधून वाकून हँडब्रेक असा खेचला, की गाडी कण्हली. बंपर कठड्याला हळूच टेकला आणि सगळं थांबलं. वायपर तेवढे फिरत राहिले.

"घाटभर बघत होते, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला येत नाही की भीती वाटते?"

"भीती," मास्तर म्हणाले. बोलल्यावर त्यांना रडू येईल की काय असं वाटलं.

सासूबाईंनी मान हलवली आणि चष्मा पुसला.

बायको परत आली, तिने बंपर बघितला, कठडा बघितला, आणि गाडी पुढे कशी आली असं विचारलं. मास्तरांनी डोळे मिटले.

"मला तिथून नीट दिसत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "यांनी तुझ्या सीटवर बसून जरा पुढे घेतली."

"यांनी घेतली?" बायकोने नवऱ्याकडे बघितलं, आणि गाडीला लावलेली किल्ली काढून कौतुकाने त्यांच्या मांडीवर ठेवली. मग जाताना तुम्हीच चालवा, माझे खांदे भरून आलेत, म्हणाली आणि मागे जाऊन आडवी झाली.

अब्रू वाचली होती, जीव परत टांगणीला लागला होता. मास्तर उजव्या सीटवर बसले.  तेवढ्यात डावं दार उघडलं आणि सासूबाई, गुडघ्यांना शिव्या घालत, पुढे येऊन बसल्या. त्यांनी उजवा हात हँडब्रेकवर ठेवला. कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "क्लच हळू सोडा. घाई कोणाला नाही."

गाडी निघाली. पहिल्या वळणावर मास्तरांनी श्वास धरला, दुसऱ्यावर विसरले, आणि घाट अर्धा उतरल्यावर आपण पायाखालचा खराखुरा ब्रेक दाबतोय हे त्यांच्या लक्षात आलं. दरी होती तिथेच होती. शेजारी सासूबाई प्रत्येक वळणावर उजवा पाय मॅटवर दाबत होत्या.

"आई, गुडघे दुखतात ना तुझे?" मागून झोपाळू आवाज आला. "मग पाय कशाला दाबतेस?"

"सवय करतेय," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून क्लासला येतेय मी. मास्तरांचं आणि माझं ठरलंय."

मास्तरांचं काहीही ठरलेलं नव्हतं. ते समोर बघत म्हणाले, "सकाळी लवकर या."