एकोणीस हात, एक कात्री

साहित्य: तपकिरी कागद, रंगीत पिसं, गोंद, हलणारे प्लास्टिकचे डोळे, बोथट कात्री. वय चार ते आठ. वेळ अर्धा तास. मोठ्यांपैकी कुणीतरी जवळ असावं.

मोठ्यांपैकी कोरीन जवळच होती. स्वयंपाकघरात. तिचा उजवा हात कोपरापर्यंत चौदा पौंडांच्या टर्कीच्या पोटात होता आणि आतून लोणी चोळत होता. बाहेर जेवणाच्या खोलीत सात वर्षांची मॅरेन आणि पाच वर्षांचा निल्स पाहुण्यांसाठी हाताच्या टर्की करत बसले होते. दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मिनेसोटातल्या प्रत्येक घरात मुलं हे करतात आणि त्यात आजवर कुणाचंही काही बिघडलेलं नाही.

पायरी पहिली. कागदावर पंजा पसरून ठेवा आणि भोवती पेन्सिल फिरवा. अंगठा म्हणजे टर्कीचं डोकं, बोटं म्हणजे पिसारा.

"आई, कागद संपला," मॅरेन म्हणाली. "निल्सनं सगळ्या कागदाची एकच टर्की केली."

"मोठी आहे ती," निल्स म्हणाला.

"मग जेवढे हात काढून झालेत तेवढे कापा," कोरीन आतून म्हणाली.

"काढलेले आहेत तेच ना?"

"तेच. रेषेवरून, सावकाश."

"सगळे?"

"सगळे. आणि ज्याचं नाव असेल त्याच्या जागेवर त्याची टर्की ठेवायची."



"आजोबांचा पण?"

कोरीनचा हात टर्कीत थांबला. हार्लनला, तिच्या सासऱ्यांना, जाऊन साडेपाच वर्षं झाली होती, आणि पोरीनं आठवणीनं त्याचाही हात काढला होता. तिला भरून आलं. डाव्या हातानं टर्की धरली होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"हो गं राणी. आजोबांचा तर सगळ्यात आधी."

"पण आई, आजोबांचं बोट..." निल्सनं सुरुवात केली.

"निल्स, ताईचं ऐक."

"ह्या कात्रीनं कापलं जात नाहीये," मॅरेन म्हणाली.

"ड्रॉवरमधली मोठी घे. टोक खाली धरायचं."

पायरी दुसरी. रेषेवरून कापा.

इथे कृती थोडी थांबवून टेबलक्लॉथबद्दल सांगायला हवं, कारण तो त्याच खोलीत होता.

कोरीनच्या सासूबाईंचा, म्हणजे आर्डिसचा तो टेबलक्लॉथ. घरात जो कुणी पहिल्यांदा थँक्सगिव्हिंगला जेवायला बसेल त्यानं त्यावर आपला डावा पंजा ठेवायचा. आर्डिस भोवती पेन्सिल फिरवायची, मग रंगीत दोऱ्यानं भरायची, खाली नाव आणि साल. असे एकोणीस हात झाले होते. त्यातले दोन हात घटस्फोट घेऊन निघून गेले होते, पण टाके उसवले नव्हते. मधोमध हार्लनचा, निळ्या दोऱ्यात. तो गेल्यापासून घराची पद्धत अशी, की घास घेण्याआधी प्रत्येकानं उठून त्या निळ्या हातावर आपला हात ठेवायचा आणि घटकाभर गप्प उभं राहायचं. सुरुवात आर्डिस करायची.

यंदा आर्डिस लहान फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि जेवण पहिल्यांदाच कोरीनकडे आलं. कोरीनची नणंद ग्वेन हिला ते अजून पटलेलं नव्हतं. "आई, निदान टेबलक्लॉथ तरी माझ्याकडे दे," असं तिनं फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी आर्डिसनं तो कोरीनला दिला. वर टाचणीनं चिठ्ठी होती: धुवायचा नाही. इस्त्री करायची नाही. पाणीसुद्धा लावायचं नाही. इस्त्री नाही म्हणून घड्या मोडाव्यात यासाठी कोरीननं तो आदल्या दिवशीच टेबलावर पसरून ठेवला होता.

पुढे चला.

अर्ध्या तासाची कृती दोन तास बिनबोभाट चालली. साडेअकराला कोरीन सहा ताटं घेऊन बाहेर आली, तर प्रत्येक जागेपुढे एक टर्की उभी, उरलेल्या खिडकीत ओळीनं. पिसं लावलेली, लाल गळपट्टी लावलेली, अंगठ्यावर हलता डोळा. इतकी सुबक की तिला विश्वास बसेना.

"अगं, किती सुंदर. आणि कापडाच्या. कापड कुठून आणलंत?"

"टेबलावरून," मॅरेन म्हणाली.

कोरीननं ताटं खाली ठेवली. खाली म्हणजे जमिनीवर. टेबलक्लॉथमध्ये एकोणीस पंजे होते, पण आता त्यांतून टेबलाचं लाकूड दिसत होतं. कडा एकदम स्वच्छ. पोरीनं एक टाका तोडला नव्हता.

"तू म्हणालीस सगळे," मॅरेन म्हणाली. आईच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बारीक झाला होता. "मी तीनदा विचारलं."

विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं.

तळघरातून घडीच्या खुर्च्या घेऊन कर्ट वर आला. कर्ट म्हणजे कोरीनचा नवरा, आर्डिसचा मुलगा. त्यानं टेबल पाहिलं आणि खुर्च्या हातात धरूनच उभा राहिला.

"सांगून टाकू," तो म्हणाला.

"तू सांग. आई तुझी आहे."

"टेबलक्लॉथ तुझ्याकडे दिला होता."

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी माझ्या हातात दिलं, कर्ट. पहिल्यांदा. आणि ग्वेन इथे बसून बघणार आहे."

कर्टनं खुर्च्या ठेवल्या. "भांडी किती आहेत आपल्याकडे?"

पायरी चौथी. (तिसरी डोळा चिकटवण्याची होती. ती मुलांनी उरकली होती, आणि फारच मन लावून.)

भोकं एकोणीस, भांडी चौदा. रानभाताचं भांडं आर्डिसच्या हातावर. घेवड्याचं कर्टच्या. रताळी, पाव, लोणी, दोन्ही ॲपल-पाय ग्वेनच्या आणि ज्यांचं नाव घ्यायचं नाही त्या दोघांच्या वगैरे. चौदा भोकं झाकली. मग मीठदाणी हातभर रुमालावर ठेवली, फळांची टोपली आली, मेणबत्त्या आल्या, आणि शेवटी कर्टनं टोस्टर आणून ठेवला.

"टोस्टर?"

"तुझ्याकडे दुसरं काही असलं तर सांग."

उरलं एकच भोक, मधलं. त्याच्यावर काही ठेवून भागणार नव्हतं. तिथे हात ठेवायचा होता.

"निल्स," कोरीन गुडघ्यावर बसून म्हणाली, "आजोबांची टर्की दे बाळा."

"ती माझी आहे. आणि ती आजोबांची..."

"निल्स. आत्ता दे."

पायरी तिसरी, उलट. पिसं उपटा. गळपट्टी सोला. डोळा निघत नसेल तर ओढू नका, कापड फाटेल.

डोळा निघाला नाही. कर्टनं सुरीच्या टोकानं प्रयत्न केला, आणि डोळ्यानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं सुरी ठेवून दिली. शेवटी हात भोकात बसवला, खालून चिकटपट्टी मारली, आणि अंगठ्यावर क्रॅनबेरीच्या चटणीची वाटी सरकवली. पिसांच्या जागी गोंद अजून ओला होता. तो त्या गडबडीत कुणी पाहिला नाही. बाकीच्या टर्की कोरीननं टॉवेलांच्या कपाटात कोंबल्या आणि मुलांना सांगितलं, आजीला यातलं काही बोलायचं नाही. मॅरेननं मान हलवली. निल्सनं हलवली नाही.

एक वाजता दार वाजलं. पुढे आर्डिस, अंगात जाड लोकरी कोट. मागे ग्वेन, हातात हिरव्या जेलीचं सॅलड.

"कुठे ठेवू?" ग्वेननं विचारलं आणि पावाची टोपली उचलायला हात घातला.

"उचलू नकोस," कर्ट आणि कोरीन एकदम म्हणाले.

ग्वेन दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. "टेबलावर टोस्टर का आहे?"

"कुणाला टोस्ट हवा असला तर," कर्ट म्हणाला.

"थँक्सगिव्हिंगला?"

"तू ते सॅलड मांडीवर घेऊन बस ना जरा."

 आर्डिसनं कोट काढून दिला, टेबलाशी आली, आणि सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे राहिले.  आर्डिसनं मधल्या निळ्या हातावर आपला हात ठेवला, डोळे मिटले, आणि नेहमीसारखी घटकाभर थांबली. नेहमीपेक्षा थोडी जास्तच. ओल्या गोंदाला तेवढं पुरलं.

तिनं हात उचलला. हार्लनचा हातही उचलला गेला.

क्रॅनबेरीची वाटी आडवी झाली. आर्डिसनं तळवा स्वतःकडे वळवला. तिच्या पंजाला मृत नवऱ्याचा पंजा घट्ट धरून होता, आणि त्याच्या अंगठ्यावरचा डोळा गरगर फिरून सगळ्यांकडे एकेकदा बघून थांबला. ग्वेनच्या हातातलं सॅलड थरथरू लागलं. ती थरथरत होती की जेली, ते कळत नव्हतं.

"आजी," निल्स म्हणाला, "ती माझी टर्की आहे."

ग्वेननं सॅलड खुर्चीवर ठेवलं आणि टोस्टर उचलला. मग टोपली. मग रताळी. एकेका भांड्याखालून पंजाच्या आकाराचं एकेक भोक निघत गेलं.

"माझा हात," ती म्हणाली. "आई, माझा हात कापलाय."

"मी कापला," मॅरेन म्हणाली आणि रडायला लागली.

"मी सांगितलं म्हणून," कोरीन म्हणाली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं आणि त्यामुळे आवाज आश्चर्य वाटावं इतका स्थिर निघाला. "मला वाटलं कागदाचे आहेत. तिनं तीनदा विचारलं, मी तीनदा हो म्हटलं. मोठी कात्रीही मीच दिली. तिला कुणी काही बोलू नका. आर्डिस, मला माफ करा. तुम्ही म्हणाल तर हा टेबलक्लॉथ... म्हणजे जे उरलंय ते... ग्वेनकडे द्या."

"बाबांची एवढी एकच खूण होती," ग्वेन म्हणाली. "त्यांच्या हाताची."

"पण तो आजोबांचा नाहीच," निल्स म्हणाला.

"निल्स, गप्प."

"मी सकाळपासून सांगतोय. ह्याला सगळी बोटं आहेत."

भिंतीवर हार्लनचा फोटो होता. गोठलेल्या तळ्यावर, डाव्या हातात मासा. निल्सनं आजोबांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त हा फोटो पाहिला होता, आणि त्यातलं त्याला सगळ्यात आवडायचं ते डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट. ते निम्मंच होतं. बर्फाला भोक पाडायच्या यंत्रानं ते नेलं होतं, तेव्हा कर्ट जन्मलाही नव्हता.

ग्वेननं फोटोकडे पाहिलं. आईच्या तळव्यावरच्या हाताकडे पाहिलं. बोटं मोजली. परत मोजली. पाच वर्षं सहाजण ह्या हातावर हात ठेवून उभे राहत होते, पण तिथे उभं असताना बोटं कोण मोजतं?

आर्डिस खुर्चीत बसली. हात अजून चिकटलेलाच होता.

"तो मीटर बघायला आलेला माणूस," ती म्हणाली.

तिनं मोकळ्या हातानं चटणीची आडवी वाटी सरळ केली.

"हार्लन गेला त्या वर्षी मी म्हटलं टेबलक्लॉथ चांगला स्वच्छ करावा. ब्लीच घातलं. बाहेर काढला तर पांढरा. दोरासुद्धा. एकही हात दिसेना." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "तुम्हाला काय सांगणार होते? बाबा गेले आणि आता हेही घालवलं? नवं कापड आणलं. विजेचं मीटर बघायला तो माणूस आला होता, पंजा साधारण तेवढाच होता. कॉफीशिवाय काही घेतलं नाही बिचाऱ्यानं."

"बोट?" ग्वेननं विचारलं.

"ते मुरडून धर असं सांगायला विसरले. भरून झाल्यावर लक्षात आलं. म्हटलं, बघू कुणाला कळतंय."

कर्ट हळूच खुर्चीवर टेकला. ती जेलीची खुर्ची होती. तो उठला नाही. "म्हणजे पाच वर्षं मी मीटरवाल्याच्या हातावर हात ठेवून रडतोय."

"आणि माझा?" ग्वेन म्हणाली. "सात वर्षांची असतानाचा?"

"चर्चच्या रविवारच्या वर्गातली एक मुलगी. पियानो शिकते."

 माझी बोटं लहानपणी पियानोवाल्यांसारखी होती, हे ग्वेन दर वर्षी तो हात दाखवून सांगत असे.

"माझा?" कोरीननं विचारलं.

"तुझा माझाच आहे," आर्डिस म्हणाली. "तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. माझ्याशिवाय खरा एकच, निल्सचा. तो नंतर आला." मग तिनं पहिल्यांदा कोरीनकडे नीट पाहिलं. "ग्वेननं मागितला होता. ग्वेन कडा तपासते. तू तपासणार नाहीस असं वाटलं. कर्ट, माझ्या गाडीच्या डिकीत एक पिशवी आहे. दर वर्षी दाखवायला बाहेर काढते. दर वर्षी परत आत ठेवते."

पिशवीतून निघालेला टेबलक्लॉथ कोरा पांढरा होता. भोकांचा तोवर बाजूला झाला होता, भांडी जमिनीवर, टर्की ओट्यावर गार होत होती. आर्डिसनं कापड पसरलं, कोरीननं कोमट पाण्यानं तिच्या तळव्यावरून मीटरवाल्याला सोडवलं, आणि आर्डिस म्हणाली, "दिसत नाही. हाताला लागतं."

मग सहाही जण टेबलावर वाकून पांढऱ्या कापडावर बोटं फिरवू लागले. पांढऱ्यावर पांढरे टाके होते, सगळे जागच्या जागी. कर्टला स्वतःचा हात सापडला, चार वर्षांचा, तळहाताच्या निम्म्यात मावणारा. ग्वेनला तिचा सापडला. आखूड, जाड बोटं. तिनं तो दोनदा चाचपून पाहिला.

"इथे," निल्स म्हणाला. खुर्चीवर गुडघे टेकून तो एका बोटानं मधल्या जागी रेघ चालवत होता. वर गेला, खाली आला, पुन्हा वर, आणि थांबला. "इथे बोट संपलं."

आर्डिसनं तिथे हात ठेवला. मग त्यावर निल्सनं, मग एकेकानं.

फक्त मॅरेन हात न ठेवता टेबलाच्या कडेशी उभी होती. डोळे पुसून झाले होते. ती पांढऱ्या कापडाकडे डोकं वाकडं करून बघत होती.

"आजी," ती म्हणाली, "हळूहळू हात लावत गेलं ना, तर हे पण रेषेवरून कापता येतील."

कोरीनचा एक हात ढिगात सगळ्यात वर होता. तिनं तो तसाच ठेवून दुसरा मॅरेनपुढे पसरला.

"कात्री," ती म्हणाली. "दोन्ही."