ओतताना हसू नये

पितळेच्या मूर्ती ओतणाऱ्या सोनाधर घडव्याला चार दिवस घास गिळवत नव्हता. हत्तीच्या साच्यात नेमकं काय झालंय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तो साचा मंत्र्यांसमोर फोडायचा होता.

आपला जिल्हा पितळी हत्तींचा म्हणून ओळखला जावा, असं कलेक्टरसाहेबांच्या मनाने घेतलं होतं. हत्ती बिघडला तर तो मान नदीपलीकडच्या लाकडी मुखवट्यांना जाणार आणि सोनाधरच्या पाड्यातल्या चाळीस घरांच्या भट्ट्या थंडावणार. घडवा साचा फोडतो तो घरात, दार लावून. खोट निघाली तर पितळ मुकाट्याने पुन्हा मुशीत जातं. साहेबांच्या कचेरीतल्या तिर्की मॅडमना त्याने हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, लोकांना तेच तर बघायचंय.

पितळ एका दमात ओतावं लागतं. चार दिवसांपूर्वी तो हत्ती ओतत असतानाच मॅडम फोटो काढायला आल्या आणि म्हणाल्या, "दादा, जरा इकडे बघून हसा." सरकारी माणसाला नाही म्हणायची सोनाधरची छाती नव्हती. तो थांबला, हसला, मग उरलेलं ओतलं.

"काय राहिलं असंल?" त्याच्या बायकोने, रतनीने विचारलं.

"बारीक भाग आधी गोठतो. शेपूट असंल."

"शेपटाकडं कोण बघतंय," ती म्हणाली.

मंत्र्यांसाठी घातलेल्या मांडवात त्याने साच्यावर हातोडी मारली. माती गळाली. शेपूट होतं, कान होते. सोंड नव्हती.

मंत्र्यांनी सोंडेबद्दल विचारलं. सोनाधरने डोळे मिटून घेतले. कलेक्टरसाहेबांना त्याच्यापेक्षा जास्त घाम फुटला होता.

"सर," ते चाचरत म्हणाले, "आमच्याकडचा हत्ती असाच असतो. हीच आमची ओळख."

मंत्री खूश झाले. दसऱ्याला पाचशे हवेत म्हणाले, अगदी असेच.

पाडा नाचला, सोनाधर घाबरला. मुळातच बिनसोंडेचा हत्ती घडवणं किंवा ओतलेल्या सोंडेला करवत लावणं, दोन्ही घडव्याच्या लेखी पाप. महिनाभरात त्याने आठ हत्ती ओतले, दर वेळी मध्येच थांबून भिंतीकडे बघून हसला. आठही सोंडा एकीपेक्षा एक देखण्या निघाल्या. असं सुबक काम त्याच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं, आणि आता त्याची झोपच उडाली.

"नुसतं हसून काय होतंय?" रतनी म्हणाली. "त्या दिवशी तुमचा हात भीतीनं लटपटत होता. घरात कुणाला भिणार तुम्ही?"

सकाळी सोनाधरने कचेरीत निरोप धाडला. पाचशे हत्ती होईपर्यंत तिर्की मॅडमनी रोज भट्टीपाशी येऊन बसावं, आणि जमलं तर कलेक्टरसाहेबांनाही सोबत आणावं.